दोनदा मोजलेल्या चौकटी

काइसू हापालाइनेन कशी बाई आहे हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं आधी मेणाची गोष्ट ऐकावी. ती नऊ वर्षांची असताना वर्गातल्या आउनेनं तिच्या दोन्ही स्की शाळेच्या सरपणामागे लपवल्या आणि काइसूला चार किलोमीटर बर्फ तुडवत घरी जावं लागलं. तिनं बाईंना सांगितलं नाही, आईलाही नाही. चार वर्षांनी जिल्ह्याच्या शर्यतीच्या सकाळी शाळेच्या सगळ्या स्कींना मेण लावायचं काम तिच्याकडे आलं. बाहेर उणे बावीस होतं. काइसूनं सगळ्यांच्या स्कींना कडाक्याच्या थंडीचं मेण लावलं आणि आउनेच्या स्कींना एप्रिलमधल्या ओल्या बर्फाचं. बंदूक वाजली, बाकीच्या मुली सुसाट सुटल्या, आणि आउने तळाला चिकटलेले बर्फाचे गोळे खरवडत तिथेच राहिली. काइसू मैदानाच्या कडेला बेरीचा गरम रस पीत उभी होती. तिला फार बरं वाटलं, आणि ते ती आजही लपवत नाही.

अशा बाईच्या वाटेला जाऊ नये एवढी अक्कल इल्पो वेस्तेरिनेनला असायला हवी होती. पण तो पडला दक्षिणेतला, डॉक्टरेट घेऊन आलेला, आणि तळघरात काम करणाऱ्यांना स्मरणशक्ती नसते अशी पक्की समजूत असलेला.

उत्तरेकडच्या ओउलू शहरातल्या एका कंपनीत काइसू एकोणिसाव्या वर्षी सोल्डरिंगच्या कामावर लागली. कंपनी मोबाइलच्या टॉवरची यंत्रं करते. हात स्थिर आणि डोकं चिवट म्हणून तिला तळघरातल्या मोजमापाच्या खोलीत घेतलं, जिथे भिंतींना निळ्या स्पंजाचे सुळके आहेत आणि बाहेरची एकही लहर आत येत नाही. आता ती चोपन्न वर्षांची आहे. मधे लग्न झालं, सात वर्षं टिकलं. नवरा रोवानिएमीला गेला, तिनं त्याला जाऊ दिलं. फक्त त्याच्या बोटीच्या तळाचं बूच तिच्याकडे राहिलं, आणि ते त्याच्या लक्षात आलं ते तळ्याच्या मधोमध.

तिचं काम समजायला अवघड नाही. टॉवर फोनशी बोलतो आणि फोनचं ऐकतो. पूर्वी तो एका वेळी एकच करायचा. मग दोन्ही एकाच वेळी, एकाच लहरींवर करायची टूम निघाली आणि तिच्या मागोमाग नवी डोकेदुखी आली. तुमच्या फोनकडे टॉवरचं काही येत असतं, त्याच क्षणी शेजारच्या बाकावरचा फोन टॉवरकडे काही पाठवत असतो, आणि त्याच्या गोंगाटात तुमचं वाहून जातं. टॉवर जे पाठवतो ते चौकटीच्या वहीच्या पानासारखं असतं, एकेका चौकटीत थोडी थोडी माहिती. शेजाऱ्याच्या गोंगाटानं ज्या चौकटी बिघडणार त्या मोकळ्या सोडायच्या आणि मजकूर उरलेल्या चौकटींत बेतून बसवायचा. याला ते लोक दर जुळवणं म्हणतात. मेख एवढीच, की कुठल्या चौकटी मोकळ्या आहेत याबद्दल टॉवर आणि फोन यांचं एकमत हवं. एका चौकटीचा फरक पडला तरी शर्टाचं वरचं बटण चुकावं तसं खालचं सगळं चुकत जातं आणि फोनच्या पदरी निव्वळ कचरा पडतो.

साडेनऊ वर्षांपूर्वी हे एकमत कसं करायचं यावर वरच्या मजल्यावरचे डॉक्टर लोक डोकं खाजवत बसले होते. दर पानाबरोबर मोकळ्या चौकटींची यादी पाठवावी तर यादीनंच पान भरायचं. काइसूनं एका दुपारी पेन्सिलीनं वहीत एक पान आखलं आणि इल्पो मोजमाप बघायला खाली आला तेव्हा त्याच्यापुढे सरकवलं.

"फोनला असे दहा-बारा नकाशे आधीच देऊन ठेव," ती म्हणाली. "मग दर पानाबरोबर नुसता नकाशाचा नंबर सांगायचा."

इल्पो ते पान बराच वेळ बघत राहिला. "वही जरा नेतो," म्हणाला. वही दुसऱ्या दिवशी परत आली. दीड वर्षानं इल्पोच्या नावावर पेटंट आलं. आकृतीसुद्धा तिचीच होती, पठ्ठ्यानं पेन्सिलीवर नुसती शाई फिरवली होती. पेटंट मिळालं की मिळवणाऱ्यानं कॉफीच्या खोलीत केक आणायचा अशी तिथली रीत आहे. इल्पोनं स्ट्रॉबेरीचा मोठा केक आणला आणि पहिला तुकडा मोठ्या मनानं काइसूच्या बशीत वाढला.

तिनं तो खाल्ला. मग जिन्यात त्याला गाठून एकच प्रश्न विचारला, "माझं नाव?"

"आहे की," इल्पो म्हणाला. "शेवटच्या अहवालात मोजमापाच्या मदतीबद्दल आभार मानलेत तुझे. बघितलं नाहीस?"

यावर काय बोलणार? वही कंपनीची, पेन्सिल कंपनीची, आणि साक्षीला निळा स्पंज. काइसू खाली गेली, यंत्र चालू केलं आणि संध्याकाळपर्यंत मोजत बसली. आतून ती नुसती पेटली होती. त्या दिवशी तिनं ठरवलं की हा माणूस एक ना एक दिवस सगळ्यांच्या देखत स्वतःच्या तोंडानं सांगेल की कल्पना काइसूची होती. त्याला किती वर्षं लागतील याची तिला फिकीर नव्हती.

इल्पो त्या पेटंटच्या जोरावर विभागप्रमुख झाला आणि आल्या आल्या त्यानं फर्मान काढलं, की तळघरातून सुटी पत्रं नकोत, जे काय सांगायचं असेल ते शुक्रवारच्या मोजमाप अहवालातच घालायचं. अहवाल चाळीस पानांचा. तो पाठवला की पाच मिनिटांत उत्तर यायचं, "मिळालं. छान काम. इल्पो." चाळीस पानं पाच मिनिटांत वाचणारा हा कोण लागून गेला, असं काइसूला वाटायचं. एका नोव्हेंबरात तिनं नवव्या पानावर सामन माशाच्या सूपची अख्खी कृती घातली, शेपू किती आणि बटाटे कधी टाकायचे यासकट. पाच मिनिटांत उत्तर आलं. "मिळालं. छान काम. इल्पो."

तळघरात तिच्या समोरच्या टेबलावर हेइमो बसतो. अँटेना जोडणारा, शांत, दर सोमवारी घरची राईची भाकरी तिच्यासाठी आणणारा. चोवीस वर्षं दोघं समोरासमोर आहेत. त्याच्याजवळही तिनं वहीबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. सूपचं मात्र तिनं सांगितलं, आणि हेइमो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"पुढच्या वेळी त्याला शिव्या लिही," तो म्हणाला.

"शिव्या कशाला वाया घालवू," काइसू म्हणाली.

त्याच डिसेंबरात तिला हवं होतं ते सापडलं. तोवर सगळ्या चाचण्या एकाच शेजाऱ्यावर झाल्या होत्या, म्हणजे एक फोन घेणारा आणि एक बाजूला गोंगाट करणारा. तिनं सहज म्हणून दुसरा गोंगाट करणारा लावला आणि फोनला मिळणाऱ्या मजकुराचा काटा शून्यावर आपटला. चार दिवसांत तिनं कारण काढलं. दोन शेजारी म्हणजे दोन नकाशे, आणि दोन्ही नकाशांत काही चौकटी सामाईक. फोन त्या चौकटी एकदाच मोजत होता, शहाण्यासारखा. टॉवर इल्पोच्या सूत्राप्रमाणे चालत होता, आणि त्या सूत्रात त्या दोनदा वजा होत होत्या. काइसूच्या वहीत त्या पानामागच्या पानावर याबद्दल दोन ओळी होत्या. इल्पोनं पान उलटलंच नव्हतं. चोरी करायची तर ती तरी नीट करावी.

नुसती चूक दाखवून काम भागणार नव्हतं. दोन नकाशांचा एकच नकाशा कसा करायचा, आणि फोनकडून त्यातला एक ऐकायचा राहिला तरी मोजणी कशी जुळवून घ्यायची, हे तिनं नाताळच्या सुटीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सोडवलं. मग कंपनीचा नियम काढून वाचला. कामगारानं काही शोध लावला तर त्यानं विभागप्रमुखाला लेखी सूचना द्यायची. प्रमुखानं चार महिन्यांत "कंपनी घेते" असं लिहून कळवायचं. कळवलं नाही, तर शोध कामगाराचा.

काइसूनं तो नियम तीनदा वाचला. मग छापील अर्ज भरला, वर ठळक अक्षरांत "शोधाची सूचना" असं लिहिलं, सही केली, आणि शुक्रवारी वीस जानेवारीला अहवालाच्या नवव्या पानावर घातला. सुटी पत्रं नकोत, हा साहेबाचाच हुकूम होता. पाच मिनिटांत उत्तर आलं, "मिळालं. छान काम. इल्पो." ते उत्तर तिनं छापून घेतलं आणि घरी चमच्यांच्या खणात ठेवलं.

आता वीस मेपर्यंत थांबायचं होतं. थांबणं तिला येत होतं, पण हे चार महिने तिला जड गेले. त्या माणसानं एकदा, नुसतं एकदा, नववं पान उघडलं असतं की सगळं मुसळ केरात. कंपनीनं शोध घेतला असता, इल्पोनं त्यावरही शाई फिरवली असती, आणि तिच्या बशीत पुन्हा केकचा तुकडा पडला असता. मार्चमध्ये तो एकदा खाली आला आणि तिच्या टेबलाला टेकून उभा राहिला.

"अहवालात काही विशेष?" त्यानं विचारलं.

"सगळं लिहिलंय त्यात," काइसू म्हणाली.

"थोडक्यात सांग ना."

"थोडक्यात मला जमत नाही. नऊ नंबरचं पान वाच."

"वाचतो," इल्पो म्हणाला, आणि हेइमोकडची भाकरी तोडून खात निघून गेला. पान कितवं हेसुद्धा तिनं सांगून टाकलं होतं. यापेक्षा सरळ कोणी काय वागणार?

खरा घाम फुटला तो एप्रिलच्या शेवटी. मेच्या पंचवीस तारखेला बाहेरच्या कंपन्यांचे पाहुणे प्रात्यक्षिक बघायला यायचे होते. त्याची तयारी म्हणून इल्पोनं काइसूचे वर्षभराचे अहवाल कागदावर छापून घेतले आणि एक मेच्या लांब सुटीत तळ्याकाठच्या आपल्या झोपडीवर न्यायला गाडीत टाकले. ते तिनं खिडकीतून पाहिलं. ते तीन दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. सगळं शहर एक मेच्या सणाच्या पांढऱ्या टोप्या घालून रस्त्यावर बागडत होतं आणि ही घरात खिडकी पुसत होती, पुसलेली पुन्हा पुसत होती.

मंगळवारी नऊच्या कॉफीला इल्पो खुशीत होता. गाल उन्हानं लाल झाले होते.

"वाचलेस का अहवाल?" हेइमोनं विचारलं. काइसूनं कप घट्ट धरला.

"पहिली पानं चाळली," इल्पो म्हणाला. "बाकीच्या पानांनी सॉनाची भट्टी काय झकास पेटली म्हणून सांगू. सरपण ओलं होतं ना."

सगळे हसले. काइसूही हसली, आणि तिला असं हसताना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

वीस मे शनिवारी होता. नदीतला बर्फ वाहून गेला होता. ती सायकल काढून समुद्रापर्यंत गेली, परत आली, आणि रविवारी सकाळी एकटीनं चांगली कॉफी करून प्याली. शोध तिचा झाला होता.

पंचवीसला निळ्या खोलीबाहेर अकरा पाहुणे काचेला नाक लावून उभे राहिले. इल्पो नव्या सुटात होता. घेणाऱ्या फोनवरचं चित्र मोठ्या पडद्यावर दिसत होतं, हिमनदीवरून उडणारं हेलिकॉप्टर, एकदम सुरळीत. बाजूला गोंगाट करणारा एक फोन होता. पाहुण्यांनी माना डोलावल्या. काइसूनं यात काही खोडा घातला नव्हता हे मुद्दाम सांगायला हवं. तिनं सगळं इल्पोनं सांगितलं तसं मांडलं होतं.

मग बर्गेनहून आलेल्या एका बाईनं विचारलं, "शेजारी दोन असतील तर?"

"तोच हिशोब," इल्पो म्हणाला. "काइसू, आणखी एक लाव."

"लावू?" काइसूनं विचारलं.

"लाव म्हटलं ना."

तिनं लावला. हेलिकॉप्टर हवेत थिजलं, मग त्याच्या चिंध्या झाल्या, मग पडदा काळा झाला. इल्पोनं तिला दुसरा फोन काढायला सांगितलं, चित्र आलं. पुन्हा लावायला सांगितला, चित्र गेलं. बर्गेनच्या बाईनं शांतपणे कारण विचारलं. इल्पोनं उष्णतेचं नाव घेतलं, मग केबलचं, मग त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले. काइसू यंत्रापाशी हात बांधून उभी होती. तिला इतकं बरं वाटत होतं, की हे लवकर संपू नये असं वाटलं.

"टॉवर सामाईक चौकटी दोनदा वजा करतोय," शेवटी ती म्हणाली. "फोन एकदाच. त्यामुळे मजकूर सरकतो."

"आणि यावर उपाय?" बाईनं विचारलं.

"आहे. वीस जानेवारीच्या अहवालात दिलाय."

दुपारी कंपनीची वकील सिर्क्कू तिघांना घेऊन बसली, म्हणजे इल्पोला, काइसूला आणि चमच्यांच्या खणातल्या त्या उत्तराला. सिर्क्कूनं तारखा दोनदा पाहिल्या आणि चष्मा काढला. "पाच दिवस उलटून गेलेत, इल्पो. हा उपाय आपला नाही, हिचा आहे. आणि हा नसेल तर तुझं पेटंट नुसतं भिंतीवर लावायच्या लायकीचं."

ती फोन करायला बाहेर गेली. इल्पो खाली बघत होता. "तू मला सांगू शकली असतीस," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. तू त्यावर सॉना पेटवलास."

"काय हवंय तुला? आकडा सांग."

"आकडा नको," काइसू म्हणाली. "जुन्या पेटंटवर माझं नाव पहिलं लागेल. आणि उद्या नऊच्या कॉफीला तू सगळ्यांसमोर सांगायचं, की कल्पना माझी होती आणि तू ती माझ्या वहीतून उचललीस. ईमेल नाही. तोंडानं."

"ईमेल करतो ना, सगळ्यांना करतो," इल्पो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तोंडानं."

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या खोलीत चौदा जण होते. इल्पो कप न घेताच आला, फ्रिजपाशी उभा राहिला, आणि त्यानं सांगितलं. शब्द अडखळत आले, पण सगळे आले. कल्पना काइसूची. वही काइसूची. आकृतीही तिची. मी घेतली. आठ वर्षं ती या चार वाक्यांसाठी जगली होती, आणि ती ऐकताना तिनं त्याच्या तोंडावरून नजर हलवली नाही.

कोणाची भुवईही वर गेली नाही. कोणीतरी दुधाची पिशवी पुढे सरकवली. काइसू वाट बघत राहिली. अरेच्चा म्हणेल कोणी, निदान काय सांगतोस म्हणेल. मग हेइमोनं तिच्या दंडावर हात ठेवला, अगदी प्रेमानं.

"बरं झालं बोलला एकदाचा," तो म्हणाला. "आम्हाला तर पहिल्यापासूनच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हेच. त्या आकृतीतल्या तिरक्या रेघा डाव्या हाताच्या होत्या. इथे डावखुरी तूच एकटी. पेटंट भिंतीवर लागलं त्याच दिवशी कळलं सगळ्यांना."

"सगळ्यांना," काइसू म्हणाली.

"हो."

"आणि आठ वर्षं कोणी काही बोललं नाही."

हेइमोला खरंच नवल वाटलं. "तू काही बोलली नाहीस," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुझी काही हरकत नाही."

काइसूनं त्याचा हात दंडावरून उचलला आणि टेबलावर ठेवला. मग तिनं खोलीभर नजर फिरवली, घाई न करता, एकेका चेहऱ्यावर थांबत. ज्याच्यावर ती थांबे त्याची मान कपाकडे जाई. हेइमोच्या चेहऱ्यावर ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. इल्पो तेवढा तिनं वगळला. त्याचं काम झालं होतं.